डावी बाजू

बाईंनी तो जबडा दोन्ही हातांत घेतला, चष्मा कपाळावर सरकवला, वर्गातल्या एखाद्या पोराने घरून करून आणलेला पृथ्वीचा गोल तपासावा तसा वरून-खालून न्याहाळला आणि म्हणाल्या, "छान आहे. कोणाचा?"

सगळे हसले. सर्जन हसले, दारात उभी असलेली नर्स हसली, बाईंचे यजमान तर अगदी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले, कारण आजार कळल्यापासून बाईंनी केलेला हा पहिलाच विनोद असावा. जबडा बाईंचाच होता. म्हणजे व्हायचा होता. त्यांच्या खालच्या जबड्याच्या डाव्या अंगात कॅन्सरची गाठ होती. येत्या गुरुवारी तेवढं हाड कापून काढायचं आणि त्या जागी टायटॅनियमचा तुकडा बसवायचा असं ठरलं होतं, आणि तो तुकडा संगणकावर घडवायचं काम सर्जनांच्या मागे उभ्या असलेल्या त्याचं होतं. आता बाईंच्या हातात होता तो नुसता नमुना, पांढऱ्या प्लास्टिकचा, पेशंटला धीर यावा म्हणून छापलेला. सर्जनांनी समजावून सांगितलं की बाई, हा तुमचाच. तुमची उजवी बाजू चांगली आहे ना, ती आरशात धरावी तशी उलटी करून डावीकडे आणली आहे, तंतोतंत. बाईंनी मान डोलावली. उत्तर चुकलेलं असताना ते मन लावून सांगणाऱ्या मुलाकडे बघून डोलवावी तशी. मग त्यांनी नमुना टेबलावर ठेवला, ठेवताना बोटाने किंचित लांब ढकलला, आणि रुमालाने ओठाचा डावा कोपरा टिपला. हसला नव्हता तो एकटाच. त्याला ते लांब ढकलणं दिसलं होतं.

कामाच्या जागेपर्यंत तो चालतच आला. फार लांब नव्हतं, एक पूल ओलांडायचा आणि दुकानांच्या रांगेतून पुढे यायचं, पण दातात तूस अडकावं तसा तो शब्द अडकला होता, आणि जीभ पुन्हा पुन्हा तिथेच जात होती. कोणाचा. विनोदच होता, दुसरं काय. माणसं भीतीच्या तोंडावर विनोद करतात. देवाने आणखी काय दिलंय माणसाला तिथे फेकायला? चष्म्याच्या दुकानाच्या काचेत रिकामे चष्मे ओळीने मांडले होते, आणि प्रत्येकामागे एक चेहरा असायला हवा होता असं त्याला वाटलं, आणि मग असं वाटल्याचा राग आला. त्याच्या कामात असं वाटून घेऊन चालत नाही. त्यांच्या खोलीत चार टेबलं, आणि नावाने कोणी कोणाला हाक मारत नाही. गुडघेवाली, खांदेवाला, कंबरवाला, आणि हा जबडेवाला. खाली तळमजल्यावर धातूची भुकटी लेझरने वितळवून एकेक पापुद्रा चढवत हाड छापणारं यंत्र आहे, आणि ते चालवणाऱ्या बाईला सगळे भट्टीवाली म्हणतात. ती म्हणते, तुम्ही वरचे लोक नुसती चित्रं काढता, बाळंतपण माझ्याकडे होतं. नव्या माणसाला ती पहिल्या दिवशी भुकटीची बाटली हातात देते. एवढीशी बाटली, आणि हात एकदम खाली जातो. मग म्हणते, बघ, हाडाचं पीठ किती जड असतं.

त्याने फाईल उघडली. पडद्यावर बाईंची कवटी आली, राखाडी, शांत, केस नाहीत, चष्मा नाही, काही विचारत नसलेली. गाठीचा भाग त्याने लाल रंगवून ठेवला होता. त्यावर उजव्या बाजूची उलटी केलेली प्रत, निळी. हे तो इतक्या वेळा करत आला होता की हात आपोआप चालत. चांगली बाजू निवडायची, मधोमध एक उभी पातळी धरायची, कळ दाबायची. निरोगी अर्धं आजारी अर्ध्यावर जाऊन बसतं. मग कापायच्या जागा, मग स्क्रूची भोकं, मग कडा गोल करायच्या, गालाला आतून टोचू नयेत म्हणून. या पद्धतीत कोणालाच काही वावगं वाटत नाही. वाटावं तरी का? गाठीने फुगवलेली बाजू आधी कशी होती ते कोणाला माहीत नसतं, आणि शेजारीच तिची जुळी बहीण सुखरूप उभी असते. तिलाच विचारायचं.

आणि तरीही त्याला एक गोष्ट माहीत होती, जी त्याने कोणाला कधी सांगितली नव्हती. या नोकरीत तो नवा होता तेव्हा, एका दुपारी खोलीत कोणी नसताना, त्याने आईचा फोटो संगणकात घातला होता. आईचाही जबडाच होता, डावाच. तो इतका लहान होता की ऑपरेशनच्या आधीची आई त्याला आठवतच नाही. आठवतो तो दवाखान्याचा वास, आणि कोणीतरी हातात दिलेलं, सालीसकट चावलेलं सफरचंद. त्या काळात भुकटी नव्हती आणि लेझर नव्हता. सर्जन ऑपरेशनच्या टेबलापाशीच पक्कडीने धातूची पट्टी वाकवत आणि अंदाजाने बसवत. आई वाचली, वीस वर्षं जगली, पण डावा गाल आत गेला तो गेलाच, मुठीने दाबून ठेवलेल्या उशीसारखा. घरातले आधीचे सगळे फोटो तिने स्वतःच कधीतरी बाजूला काढले. कुठे ठेवले, फाडले की पुरले, कोणाला कळलं नाही, आणि वडिलांनी विचारलं नाही. नंतर जे फोटो निघाले त्यांत ती नेहमी उजवीकडून. कॅमेरा दिसला की मान अशी हलकेच वळायची की बघणाऱ्याला वाटावं, हिला बाजूला काहीतरी गोड दिसलं. त्यालाही तिने उजव्या कडेवरच वाढवलं. झोपायचा तो उजव्या कुशीला. गोष्ट ऐकायचा तो उजवीकडून. ओठ नीट मिटत नसत म्हणून ती गाणं शब्दांनी म्हणत नसे, तोंड मिटल्यासारखं करून नुसतं गुणगुणत असे, आणि ते गुणगुणणं त्याच्या डाव्या कानाला तिच्या उजव्या गालातून, हाडातूनच, ऐकू यायचं. देवाचं नाव असायचं त्यात, पण शब्द नसल्यामुळे कुठल्या देवाचं ते कळायचं नाही. लहानपणी त्याला वाटे, सगळ्यांचंच असेल.

तर त्या दुपारी त्याने तिचा त्यातल्या त्यात समोरून असलेला फोटो घेतला, नाकावरून रेघ ओढली, डावीकडचा सावलीतला भाग काढून टाकला, उजवा उलटा करून जोडला आणि श्वास रोखून पडद्याकडे पाहिलं. आता आई दिसणार होती. सबंध. जी त्याला मांडीवर घेऊन बसली असेल, दवाखान्याच्या आधी, ती. पडद्यावर एक अतिशय सुंदर बाई आली. साबणाच्या वेष्टनावर असावी तशी. तिचे दोन्ही डोळे सारखे, दोन्ही गाल सारखे, हसू दोन्हीकडे सारखं मोजून वाटलेलं. आणि ती त्याला ओळखत नव्हती. त्याने ते पान घाईने बंद केलं, दारात कोणी आलं नसतानाही. नंतर कित्येक दिवस घरी भिंतीवरचा आईचा खरा फोटो पाहिला की त्या दुसरीची आठवण व्हायची, आणि आई थोडी आणखी लांब जायची. मग कामं वाढली, हात सरावले, आणि तो त्या दुपारवरून इतक्यांदा चालत गेला की तिथे पायवाटच झाली. खाली काय पुरलंय ते दिसेना.

कोणाचा. पडद्यावरच्या त्या सुंदर बाईलाही त्याने तेव्हा मनात हेच विचारलं होतं. तुम्ही कोण?

त्याने नर्सकडून नंबर घेतला आणि बाईंच्या यजमानांना फोन केला. काय सांगायचं ते ठरलं नव्हतं. म्हणाला, बाईंचे जुने फोटो असतील तर बघायचे होते, समोरून काढलेले. यजमान गप्पिष्ट, त्यांना एवढंच हवं होतं. बाई चाळीस वर्षं भूगोल शिकवत होत्या, तेव्हा दरवर्षीचा शाळेचा फोटो आहे, ओळीने सगळे समोर बघताहेत, हवे तेवढे घ्या, पाठवतो. आणि मग हसत हसत म्हणाले, फोटो कशाला, शाळेत कोणालाही विचारा. बाई जिन्यावर दिसल्या की पहिला बघणारा मुलगा वर्गाला खूण करायचा. बोलायचं नाही, नुसती हनुवटी डावीकडे सरकवायची. म्हणजे बाई आल्या. एवढ्यावर सगळा वर्ग गप्प. पोरांची पोरं आली शाळेत तरी खूण तीच. "आमच्या घरातसुद्धा तेच चालायचं, तिच्या पाठीमागे. तिला माहीत नाही असं आम्हाला वाटायचं. परवा रात्री म्हणाली, आता पोरं काय खूण करतील हो?"

मग यजमानांनीच खालच्या आवाजात विचारलं की तुमचा तो नमुना चांगलाच आहे, त्याबद्दल काही नाही, पण त्यात ते येणार आहे का? ते डावीकडचं? नाही आलं तरी हरकत नाही म्हणा. जीव महत्त्वाचा. ती मला म्हणाली, विचारू नका, उगाच त्यांना वाटेल नखरे करते.

फोटो आले. एकामागून एक, वर्षं उलटत गेल्यासारखे. बाई दुसऱ्या ओळीत, बाई पहिल्या ओळीत, बाई खुर्चीत मध्यभागी. केस काळे, करडे, पांढरे. आणि सगळ्यांत हनुवटी तशीच, डावीकडे अंगुळभर नव्हे, तांदळाच्या दाण्याएवढीच सरकलेली, जणू काही बोलायच्या बेतात आहेत आणि फोटोवाल्यासाठी थांबल्या आहेत. त्याने पुन्हा कवटीकडे पाहिलं, आणि आता त्याला ते आठवलं. आठवलं म्हणजे हाताला आठवलं. निळी प्रत लाल जागेवर आणून बसवली तेव्हा पुढचं टोक बरोबर जुळलं होतं, पण मागचं, कानाजवळच्या हाडाशी, जुळत नव्हतं. तेवढंच, दाण्याएवढं जास्त होत होतं. असं नेहमीच होतं. त्याला या खोलीत मुरड घालणं म्हणतात. मधल्या भागात हलकी मुरड घालायची, टोकं एकमेकांना भेटतात, पुढे चला. त्यानेही घातली होती. तुकडा बसत नाही म्हटल्यावर त्याने तुकड्याला दटावलं होतं. का बसत नाहीस, असं विचारलं नव्हतं. बाईंचं डावं हाड मुळात उजव्याची जुळी बहीण नव्हतंच. ते थोडं आखूड होतं, थोडं वर उचललेलं होतं, आणि गाठीने मधला भाग खाऊन टाकला तरी दोन्ही काठ अजून तेच सांगत होते: इकडून असं निघालं होतं, तिकडे असं पोचलं होतं. वाहून गेलेल्या पुलाचा उतार दोन्ही काठांवर राहतो, तसं.

सर्जनांना फोन लावला तेव्हा ते जेवत होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले की लोक पैसे भरून वाकडं सरळ करून घेतात आणि तू सरळ झालेलं वाकडं करायला निघालास, धन्य आहे. मग घास गिळून गंभीरपणे बोलले. आत्ता जो तुकडा आहे त्यावर दात जुळतात, तपासलंय, बाई चावू शकतील, बोलू शकतील. नवा केलास आणि दात नाही जुळले तर चेहरा तिचा आणि जेवण नळीतून, हे चालेल का? आणि गुरुवार हलणार नाही. गाठ आपल्या चेहऱ्यासाठी थांबत नाही. "तेव्हा तुझं मन काय म्हणतं ते बाजूला ठेव. दात जुळव, स्क्रू धरव, उद्या सकाळी मला दाखव. आणि बाईंना विचार. मला नको विचारूस, जबडा माझा नाही."

तळमजल्यावर भट्टीवालीने यंत्राचा दरवाजा उघडून ठेवला होता आणि ब्रशने कालची भुकटी झाडत होती, तोंडावर मुखवटा. संध्याकाळी बाईंचा जबडा छापायला लावायचा होता. एकदा दार बंद होऊन आत वायू भरला की मग त्यात ढवळाढवळ नाही. तो दारात नुसताच उभा राहिला तेव्हा तिने मुखवटा खाली ओढून विचारलं, काय, पाळणा हलवायचाय का? त्याने सांगितलं. सगळं नाही सांगितलं, आईचं नाही सांगितलं, फक्त खूण सांगितली. भट्टीवालीने ब्रश खाली ठेवला, आपली हनुवटी डावीकडे सरकवून पाहिली, एकदा, दोनदा, आणि म्हणाली, "गुडघेवालीची पाचर आधी लावते. उद्या दुपारपर्यंत थांबेन. दुपारनंतर तू रडत आलास तरी दार उघडणार नाही." मग पुन्हा मुखवटा चढवला.

घरी तो लवकर आला, आणि लवकर आला म्हणून वडील घाबरले. लग्न राहून गेलेल्या मुलाचा आणि म्हाताऱ्या बापाचा संसार. वेळापत्रक बिघडलं की दोघांनाही दुसऱ्याची तब्येत आठवते. काही नाही, अण्णा, असंच आलो, असं म्हणून तो समोर बसला. अण्णा संत्रं सोलत होते. सबंध साल एकाच पट्टीत उतरली पाहिजे हा त्यांचा नेम. तुटली तर संत्रं त्याच्यापुढे सरकवायचं आणि स्वतः दुसरं घ्यायचं. टेबल तेच, जुनं, चार खुर्च्यांचं. आईची खुर्ची अजून मधल्या बाजूला, तिच्या उजवीकडे त्याची, डावीकडे अण्णांची. आई जाऊन इतकी वर्षं झाली तरी दोघे त्याच खुर्च्यांवर बसतात आणि मधून बोलतात. तो त्या खुर्चीकडे बघत राहिला. उजव्या बाजूने तिचा गाल कसा होता हे त्याला आत्ता, इथे, बोटाने हवेत काढता आलं असतं: कानाखालचा तीळ, जेवताना उमटणारी छोटी खळी, गुणगुणताना गळ्याची शीर. आणि नाकाच्या रेघेपलीकडे काही नाही. तिथे नुसती सावली, वळलेली मान. आपण एका अर्ध्या माणसावर एवढा जीव लावला, आणि तो पुरा पडला, आणि तरी उरलेल्या अर्ध्याची तहान काही गेली नाही. सबंध आई एकदा बघायला मिळावी, एवढंच त्याचं मागणं होतं. इतकं साधं मागणं कोणापुढे मांडायचं हे न कळल्यामुळे तो हाडं घडवत बसला होता.

"अण्णा," तो म्हणाला, "आई आधी कशी दिसायची?"

साल थांबली. तुटली नाही, पण थांबली. "आधी म्हणजे?"

"ऑपरेशनच्या आधी."

अण्णांनी संत्रं अर्धवट सोललेलं तसंच ताटलीत ठेवलं. ते त्या खुर्चीकडे वळले आणि त्याला वाटलं, आता सांगतील. आता इतक्या वर्षांनी ते दार उघडेल आणि आतून ती येईल. पण अण्णा म्हणाले, "नाही रे आठवत." आणि मग, जणू माफी मागावी तसं, "खरंच नाही आठवत. मी या बाजूला बसायचो ना. वीस वर्षं हीच बाजू बघितली. आधीचं होतं ते हिच्याखाली गेलं."

"तुम्ही खिडकीसाठी बसायचात तिथे."

"खिडकीत काय होतं? समोरच्यांची पाण्याची टाकी." अण्णा हसले. "ही बाजू मोकळी राहिली असती तर तिला वाटलं असतं, इकडे बघायला कोणी तयार नाही. म्हणून बसलो. पहिल्यांदा मुद्दाम बसलो. मग सवय झाली. मग आवडायलाच लागलं. ती तुझ्याशी बोलायची तेव्हा इकडून दिसायची मला. इकडून ती काही लपवत नसे."

म्हणजे घरात ती सबंध होती. सगळा वेळ सबंध होती, अर्धी इकडे, अर्धी तिकडे, आणि दोघे समोरासमोर बसून संत्री खात होते, आणि कोणी कोणाला विचारलं नव्हतं. तेवढ्यात अण्णा उठले, टेबलाला वळसा घालून आले, पंच्याला पुसावा तसा सदऱ्याला हात पुसला आणि त्याची हनुवटी बोटांत धरली, लहान मुलाचा भांग पाडताना धरतात तशी. मग अंगठा त्याच्या डाव्या जबड्यावरून, कानाखालून पुढे, सावकाश फिरवला. अंगठ्याला संत्र्याचा वास होता. "डोळ्यांना नाही आठवत," अण्णा म्हणाले. "पण हे इथे आहे बघ. हा कोपरा. हा तिचा आहे, माझा नाही. माझा गोल आहे. आणि तू बोलायला लागलास की शब्दाच्या आधी हे इथून जरासं सरकतं. तिचं तसंच व्हायचं, तेवढं पट्टी बसवल्यावरही राहिलं होतं. दाढी करताना बघितलं नाहीस कधी? आरशात बाजू उलटी दिसते, पण दिसते." आणि परत जाऊन त्यांनी संत्रं उचललं, उरलेली साल उतरवली. सबंध उतरली. ती त्यांनी तिच्या खुर्चीसमोर ठेवली.

सकाळी तो कामावर पहिला पोचला. आरसा त्याने धरलाच नाही. निळी प्रत पुसून टाकली, आणि मोकळ्या जागेत दोन काठ आणि मधला खळगा एवढंच राहिलं तेव्हा पहिल्यांदा त्याला धास्ती वाटली. बापजन्मात असं आधाराशिवाय काढलं नव्हतं. मागच्या काठाला विचारलं, कुठे निघालास? पुढच्याला विचारलं, कुठून आलास? शाळेचे फोटो शेजारी उघडून ठेवले. तासाभराने ओळ सापडली, हरवली, पुन्हा सापडली. दात जुळवले: वरचे खालच्यांवर आणून बसवले, चावायला लावले, डावीकडे, उजवीकडे. एका दाढेपाशी अडत होतं, तिथे उंची केसभर उतरवली. स्क्रूंच्या जागा दोन्ही काठांवर चांगल्या हाडातच आल्या, तेव्हा त्याने खुर्चीत मागे टेकून डोळे मिटले आणि आईचं ते बिनशब्दांचं गाणं त्याच्या दातांतून आपसूक चालू झालं. खांदेवाला आत येत म्हणाला, काय जबडेवाले, सकाळी सकाळी भजन? सर्जनांना पाठवलं. त्यांचा निरोप आला, दात जुळताहेत, स्क्रू धरताहेत, माझं काही म्हणणं नाही, आता बाईंकडे जा.

प्लास्टिकचा नवा नमुना अजून कोमट होता. पूल ओलांडताना त्याने तो खिशातल्या हातात धरून ठेवला, आणि अंगठा त्याच्या कडेवरून फिरत राहिला. बाई खाटेवर बसून होत्या, यजमान शेजारी पेपर मोठ्याने वाचून दाखवत होते आणि बाई मधूनमधून त्यांचे देश आणि राजधान्या दुरुस्त करत होत्या. त्याने आधी सगळं सांगितलं. पहिला तुकडा सरळ आहे आणि तपासलेला आहे. हा दुसरा तुमच्या हाडाच्या काठांवरून काढलाय; सरळ नाही. दोन्ही चालतील. दोन्हींनी जेवता येईल. कुठला छापायचा ते तुम्ही सांगायचं, आणि दुपारच्या आत. बाईंनी हात पुढे केला.

या वेळी त्यांनी चष्मा वर सरकवला नाही. डोळे मिटले आणि नमुना बोटांनी वाचला, आंधळं माणूस वाचतं तसा, मग तो उचलून सुजलेल्या गालापाशी धरला, बाहेरून, आणि यजमानांकडे वळल्या. यजमान पेपर अर्धवट घडी करून बघत होते. बघता बघता त्यांचं त्यांनाही कळलं नाही, हनुवटी डावीकडे सरकली. पेपर गुडघ्यावरून खाली घसरला. खोलीत वर्ग गप्प व्हावा तशी शांतता झाली, आणि यजमानांनी घाईने हनुवटी जागेवर आणली, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

"मला माहीत होतं," बाई त्यांना म्हणाल्या. शब्द जड येत होते, एकेक उचलून ठेवल्यासारखे. "चाळीस वर्षं. सगळं माहीत होतं." मग नमुना त्याच्या हातात देत म्हणाल्या, "हा घरी येऊ दे."

तो बाहेर कॉरिडॉरमध्ये आला आणि भट्टीवालीला फोन लावला. समोर काचेचं दार होतं, पलीकडे अंधारा जिना, त्यामुळे काचेत तोच दिसत होता, छातीपर्यंत, फोन कानाला. पलीकडे ब्रशचा खसखस आवाज थांबला आणि तिने विचारलं, काय ठरलं? तो बोलायला गेला. आणि शब्द निघायच्या आधी काचेत त्याचा जबडा जरासा सरकला. डावीकडून, त्या कोपऱ्यातून. कोणीतरी आपल्याआधी बोलायला निघावं तसा.

"लाव," तो म्हणाला.

"काय? आवाज येतोय ना? लावू का दार?"

आवाज स्वच्छ येत होता. तरी त्याने फोन कानाशी तसाच धरून, काचेच्या आणखी जवळ जाऊन, त्या कोपऱ्यातून आई निघण्याची वाट बघत, पुन्हा एकदा सांगितलं.